मामांचा हेडफोन गेलाय, नवा घेऊन द्यायचाय? आधी जुना नीट बघा

घरातल्या कुणाचा तरी हेडफोन बंद पडतो आणि आपण ठरवतो की वाढदिवसाला नाहीतर भाऊबीजेला नवा देऊन टाकू. मग मोबाईल उघडायचा, ऑफरमध्ये असलेले, भरपूर स्टार असलेले कुठलेतरी बड्स, म्हणजे डबीत येणारे ते दोन सुटे इअरफोन, मागवायचे आणि झालं. पण महिन्याभरानं बघावं तर तो डबा टीव्हीच्या कपाटात पडलेला असतो आणि माणूस परत स्पीकर ऑन करून बोलत असतो. आमच्याकडं साताऱ्यात नात्यातल्या बऱ्याच घरांत हे बघितलंय, आणि वाईट वाटतं, कारण पैसे तर जातातच, पण त्या माणसाला वाटतं की आपल्यालाच हे नवीन काही जमत नाही. खरंतर वस्तूच त्यांच्यासाठी चुकीची आलेली असते.

म्हणून माझं सांगणं असं की बाजार नंतर बघा. आधी त्यांचा जुना हेडफोन हातात घ्या, कारण कसा घ्यायचा, कुठल्या पिनचा, कुठल्या आकाराचा, कशासाठी, यातलं निम्मं त्या जुन्यावरूनच कळतं.

पहिलं म्हणजे तो खरंच गेलाय का

एका बाजूचा आवाज बारीक येतोय म्हणजे हेडफोन गेलाच असं नाही. कानात घालायच्या इअरफोनची जी बारीक जाळी असते तिच्यात कानातला मळ बसतो आणि आवाज हळूहळू कमी होत जातो, वर्ष-दोन वर्ष वापरलेल्याचं तर हमखास. वरचं रबर काढा, जाळी खाली करून धरा आणि कोरड्या मऊ टूथब्रशनं हलक्या हातानं झाडा. सेफ्टीपिन, सुई, पाणी, सॅनिटायझर यातलं काही घालू नका, जाळी आत गेली की मग खरंच संपलं.

दुसरं, फोनचं भोक बघा. शर्टाच्या नाहीतर पँटच्या खिशात राहून राहून त्यात धागे आणि धूळ जाऊन बसते, पिन पूर्ण आत जात नाही आणि आपण म्हणतो हेडफोन बिघडला. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं अलगद काढलं तर कधी कधी गुच्छच्या गुच्छ बाहेर येतो. तिसरं, सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीत डाव्या-उजव्या आवाजाचा बॅलन्स असतो, तो चुकून एका बाजूला सरकलेला असतो कधी कधी. आणि सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे तोच हेडफोन दुसऱ्या फोनला लावायचा आणि त्याच फोनला दुसरा हेडफोन लावायचा, दोन मिनिटांत कळतं की दोष कुणाचा.

मोठ्या गोल हेडफोनचं नुसतं कुशन सोललं असेल, म्हणजे ते काळे पापुद्रे कानाला-केसाला चिकटायला लागले असतील आणि आवाज मात्र ठणठणीत असेल, तर नवीन घ्यायची गरजच नाही. बऱ्याच मॉडेलची कुशनची जोडी वेगळी मिळते, मॉडेल नंबर टाकून शोधा. तीच बदलून स्वच्छ करून दिलीत तरी ते गिफ्टच आहे की, आणि सवयीची वस्तू परत मिळाल्याचा आनंद जास्त असतो.

तुटलाय कुठं ते बघा, त्यावरून कळतं

आमचे मामा पेन्शनर. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं फिरायला जातात आणि चालता चालता कीर्तन ऐकतात. त्यांचा वायरचा इअरफोन मी हातात घेऊन बघितला तर पिनेच्या अगदी मानेजवळ वायरला चिकटपट्टीचे तीन-चार वेढे दिलेले, वरची पट्टी पिवळी पडलेली, आणि फोन आला की मामा अंगठ्यानं ती पिन एका बाजूला दाबून धरायचे, तेव्हा कुठं आवाज यायचा. फोन शर्टाच्या वरच्या खिशात उलटा ठेवायचा, वायर तिथंच मोडून वर यायची, आणि बसता-उठता रोज तिथंच ताण. आता अशा माणसाला परत सरळ पिनेचा घेतला तर तो पण तिथंच तुटणार. त्यांना काटकोनात वळलेल्या पिनेचा, म्हणजे एल आकाराच्या पिनेचा घ्यायला पाहिजे आणि पिनेच्या मागं रबराची लवचिक मान असलेला पाहिजे. दुकानात हे बघायला दहा सेकंद लागतात पण कुणी बघत नाही.

असंच बाकीचं पण वाचता येतं. वायर कानाजवळ तुटलीय म्हणजे माणूस वायर धरून ओढून काढतो, तिथं जरा जाड किंवा कापडी विणीची वायर बघा. वायर मधेच दाराच्या कडीत, गॅसच्या बटणात अडकून तुटलीय, तर मावशी-काकू स्वयंपाक करताना ऐकतात आणि त्यांना बिनवायरचाच पाहिजे. ब्लूटूथचा होता आणि आता तासाभरात बॅटरी उतरते, तर तो वापरून वापरून म्हातारा झालाय, म्हणजे प्रकार बरोबर होता, तसलाच परत घ्या. आणि बड्सपैकी एकच हरवलाय असं असेल तर परत बड्स देऊ नका. परत हरवणार, आणि एक बड सुटा मिळणं स्वस्तातल्या मॉडेलमध्ये अवघड असतं.

जुना आवडता असेल तर सरळ तेच मॉडेल शोधा. नंबर पिनेवर, वायरच्या दुभाजकावर नाहीतर हेडबँडच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात असतो, फोनमध्ये फोटो काढून मोठा करून वाचा. आणि अक्षर न अक्षर जुळवा, कारण सोनीचा झेडएक्स११० आणि झेडएक्स११०एपी दिसायला सारखेच, पण एपीवाल्याला माइक आहे आणि दुसऱ्याला नाही. फोनवर बोलणाऱ्या माणसाला बिनमाइकचा दिला तर काय उपयोग.

आता फोन बघायचा, आणि तोही गुपचूप

सरप्राइज द्यायचं असेल तर "मामा, फोन द्या जरा, लग्नातले फोटो बघते" म्हणून घ्या आणि खालची-वरची कड बघून घ्या. गोल भोक आहे का? म्हणजे ३.५ एमएमचा जॅक. असेल तर सगळं सोपं आहे. नसेल आणि नुसतं चार्जिंगचं टाइप-सी भोक असेल तर जरा सावध व्हा. टाइप-सी पिनेचे इअरफोन आणि कन्व्हर्टर दोन प्रकारचे येतात, एका प्रकारात डिजिटल आवाजाचं रूपांतर करणारी चिप आत असते, तिला डॅक म्हणतात, आणि दुसऱ्यात ती नसते, ते काम फोननं करावं अशी अपेक्षा असते. सगळे फोन ते करत नाहीत. त्यामुळं साधा स्वस्त कन्व्हर्टर एका फोनला चालतो आणि दुसऱ्याला लावला की ढिम्म. डॅकवाला घ्या, शंभर-दोनशे जास्त जातील पण जवळजवळ सगळीकडं चालतो. आयफोन असेल तर १४ सिरीजपर्यंत लाइटनिंग पिन आहे आणि २०२३ च्या १५ सिरीजपासून टाइप-सी, तेवढं लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी फार लोकांच्या लक्षात येत नाही. मामा, आत्या, आजोबा फोनमधल्या एफेमवर आकाशवाणी सातारा ऐकतात का ते बघा. फोनमधला एफेम रेडिओ वायरचा हेडफोन लावल्याशिवाय सहसा चालूच होत नाही, कारण ती वायरच अँटेना म्हणून वापरली जाते. म्हणजे तुम्ही प्रेमानं ब्लूटूथचा दिलात आणि त्यांचा सकाळचा रेडिओच बंद पडला, असं होतं. रेडिओवाल्या माणसाला वायरचाच द्या, नाहीतर नेटवर ऐकायचं असेल तर आकाशवाणीचं न्यूजऑनएअर अॅप टाकून शिकवून द्या, पण त्याला डेटा लागतो हेही सांगा.

वायर, नेकबँड, बड्स की मोठा

माझं मत स्पष्ट आहे. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला बदली द्यायचा असेल आणि जुना वायरचा असेल तर वायरचाच द्या, चार्जिंगची भानगड नाही, जोडायचं नाही, पिन घातली की चालू. तीनशे ते सहाशे रुपयांत चांगल्या कंपनीचा माइकवाला मिळतो, जेबीएलचा सी१००एसआय वगैरे त्याच पंक्तीतला. वायर साधारण सव्वा मीटर असते, खिशातून कानापर्यंत पुरते.

वायर नकोच असेल तर नेकबँड. तो गळ्यात असतो, हरवत नाही, बटणं खरीखुरी दाबायची असतात आणि एकच वस्तू चार्ज करायची. आठशे ते पंधराशेच्या दरम्यान व्यवस्थित मिळतो. सोनीचा डब्ल्यूआय-सी१०० एका चार्जिंगला कंपनीच्या सांगण्याप्रमाणं २५ तासांपर्यंत चालतो, म्हणजे रोज दोन-तीन तास ऐकणाऱ्याला आठवड्यातून एकदा चार्जिंगला लावलं तरी पुरतं. मोठ्या माणसांच्या बोटांना जाणवणारी बटणं पाहिजेत, माझ्या दृष्टीनं नेकबँडचा खरा फायदा हाच.

बड्स मी तरुणांसाठी राखून ठेवेन. टच कंट्रोल असतात, कान नीट करायला हात लावला की गाणं थांबतं नाहीतर फोन कट होतो. कॉलेजच्या भावाला, बहिणीला जरूर द्या. पण ज्यांची बोटं थरथरतात किंवा जवळचं नीट दिसत नाही त्यांना ती इवलीशी वस्तू डबीत उलटसुलट बसवत बसायला लावू नका. शिवाय त्यात तीन बॅटऱ्या, दोन बड्सच्या आणि एक डबीची, आणि स्वस्तातल्या बड्सची बॅटरी बदलून मिळत नाही.

कानावर बसणारे मोठे हेडफोन घरात बसून ऐकणाऱ्यांसाठी चांगले. ज्यांना कानात काही घातलेलं सहन होत नाही, खाज येते, त्यांना हाच बरा. फक्त चष्मा लावणाऱ्याला घट्ट हेडफोन दिला तर कानामागं चष्म्याची काडी रुतते आणि अर्ध्या तासात दुखायला लागतं. त्यामुळं चष्मा असेल तर कुशन मऊ आणि पकड सैल बघायची. उन्हाळ्यात घामही येतो.

टीव्हीसाठी हवा असेल तर आधी टीव्ही बघा, ब्लूटूथ आहे का, नसेल तर मागं गोल जॅक आहे का. दोन्ही नसेल तर टीव्हीचा आवाज हेडफोनला पाठवणारा वेगळा ट्रान्समीटर लागतो आणि बजेट वाढतं.

ते ऐकतात काय, यावर सगळं आहे

इथं मला जरा जास्त बोलायचंय. स्वस्तातल्या बहुतेक डब्यांवर मोठ्या अक्षरात बास, म्हणजे खालच्या पट्टीतला जाड आवाज, लिहिलेलं असतं, एक्स्ट्रा बास, डीप बास, काय काय. डीजेची गाणी ऐकणाऱ्याला ते आवडतं. पण कीर्तन, बातम्या, नाट्यसंगीत, पोथीचं वाचन, नातवाचा फोन, हे सगळं आवाजाच्या मधल्या पट्ट्यातलं काम आहे, आणि शब्द कळायला तर वरच्या पट्टीतले बारीक आवाज फार महत्त्वाचे असतात, स, श, फ, थ असे. वय वाढलं की नेमके हेच वरच्या पट्टीतले आवाज आधी कमी ऐकू यायला लागतात. म्हणजे ज्याला आधीच स आणि फ मधला फरक कळायला त्रास होतोय त्याच्या कानात आपण धमधम बास ओतायचा, आणि मग तो म्हणणार "आवाज येतोय पण काय बोलतायत कळत नाही". मग तो व्हॉल्यूम वाढवतो, बास आणखी वाढतो, शब्द तरी कळत नाहीतच. म्हणून वयस्कर माणसाला घेताना रिव्ह्यूमध्ये बास शोधू नका, बोलणं स्पष्ट येतं का, आवाज स्वच्छ आहे का, असं कुणी लिहिलंय का ते शोधा. दुकानात ऐकून बघताना पण नाचाचं गाणं लावू नका, बातम्या लावा.

ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा भाग, १० एमएम की १३ एमएम यानं आवाज चांगला की वाईट हे ठरत नाही, त्यामागं लागू नका. २० हर्ट्झ ते २० हजार हर्ट्झ हे तर जवळजवळ प्रत्येक डब्यावर असतं, माणसाच्या कानाची साधारण मर्यादाच ती, त्यावरून काही निवडता येत नाही.

दोन शब्द मात्र नीट समजून घ्या कारण इथं फार लोक फसतात. ईएनसी आणि एएनसी. ईएनसी माइकसाठी असतं, तुम्ही एसटी स्टँडवर उभे असाल तर समोरच्याला तुमचा आवाज स्पष्ट जावा म्हणून. एएनसी तुमच्या कानासाठी, बाहेरचा घरघराट तुम्हाला कमी ऐकू यावा म्हणून. विनाथांबा एसटीनं वरचेवर स्वारगेटला ये-जा करणाऱ्या भावासाठी एएनसी कामाचं आहे. फिरायला जाणाऱ्या मामांना ते नको, उलट त्यांना मागून येणारी गाडी ऐकू यायलाच पाहिजे. फिरणाऱ्यांसाठी मी तर रबर नसलेला, कानाच्या तोंडावर नुसता टेकणारा जुन्या पद्धतीचा इअरफोन सुचवेन, कारण त्यात बाहेरचं ऐकू येतं.

बॅटरीचे तास वाचताना पण बघा, बड्सवर ४० तास लिहिलेलं असेल तर ते डबीसकट असतात, एका चार्जिंगला कानातले बड्स बहुतेक पाच-सहा-सात तासच चालतात. आणि आयपीएक्स४ म्हणजे घाम आणि पाण्याचे शिंतोडे सहन करतो एवढंच, कासकडच्या पावसात भिजायला नाही. बड्सचं रेटिंग डबीला लागू असेल असंही धरून चालू नका.

तब्येतीच्या दोन गोष्टी, हे वगळू नका

ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांना नेकबँड देताना थांबा. बऱ्याच नेकबँडच्या टोकांना चुंबक असतं, दोन्ही टोकं एकमेकांना चिकटतात, आणि ती चिकटलेली टोकं बरोबर छातीवर लोंबतात. साध्या इअरफोनच्या आत पण चुंबक असतंच. पेसमेकरपासून हे निदान १५ सेंटीमीटर लांब ठेवायला सांगतात, म्हणजे वरच्या खिशात गुंडाळून ठेवायचे नाहीत, गळ्यात लोंबते ठेवायचे नाहीत. घ्यायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना एक फोन करा.

आणि एका कानानं कमी ऐकू येत असेल तर महागडा घेण्याआधी फोनमध्ये अॅक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ चालू करून बघा. गाण्यात डावीकडं तबला आणि उजवीकडं आवाज असं वाटलेलं असतं, एका कानाच्या माणसाला त्यातलं अर्धंच मिळतं. मोनो केलं की दोन्ही बाजू एकत्र होऊन चांगल्या कानात येतात. फुकटात होतं. पण "हेडफोनमध्ये पण कमी ऐकू येतंय" असं म्हणत असतील तर नवा हेडफोन हा त्यावर उपाय नाही, सिव्हिलला कान-नाक-घसा विभागात नाहीतर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडं दाखवून घ्या. कानाचं मशीन वापरत असतील तर मशीन बसवणाऱ्याला विचारा, काही मशीनला फोन थेट ब्लूटूथनं जोडता येतो, हेडफोन लागतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत असा आहे. घरात डेसिबल मोजायचं यंत्र नसतं, त्यामुळं व्हॉल्यूम साठ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगा. बऱ्याच फोनमध्ये कमाल आवाजाची मर्यादा घालून ठेवता येते, तीही बघा.

घ्यायचा कुठं

वायरचा असेल तर मी पोवई नाका ते राजवाडा राजपथावर पायी फिरून घ्यायला सांगेन, दुकानात दुकानदारासमोरच पिन फोनला लावून बघता येते. डावा-उजवा दोन्ही वाजतो का, बटणानं फोन उचलला जातो का, आणि दुकानाबाहेर रस्त्यावर उभं राहून घरी एक कॉल लावायचा आणि पलीकडच्याला विचारायचं, कसा येतोय आवाज. रस्त्याच्या आवाजात माइक टिकला तर गडावरच्या वाऱ्यात पण बऱ्यापैकी टिकेल. एवढं करू देत नसेल तर दुसरं दुकान.

फुटपाथवर नावाजलेल्या कंपनीचा म्हणून दीडशेला मिळतो तो त्या कंपनीचा नसतो, एवढं सरळ आहे. डब्यावर एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, कस्टमर केअरचा नंबर आणि पत्ता हे सगळं छापलेलं पाहिजे. ब्लूटूथवाल्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे, आर अक्षरानं सुरू होणारा नंबर डब्यावर किंवा वस्तूवर असतो. सरकारचं बीआयएस केअर नावाचं अॅप आहे, त्यात तो नंबर टाकला की कुठल्या कंपनीचा, कुठल्या वस्तूसाठी, ते समोर येतं. नाव जुळलं नाही तर घेऊ नका.

ऑनलाइन घेताना विक्रेता कोण आहे ते बघा आणि परत करायचा नियम आधी वाचा, कारण इअरफोन कानात घालायची वस्तू असल्यामुळं बरेच ठिकाणी पैसे परत देत नाहीत, फक्त बदलून देतात, तेही बिघाड असेल तरच. आणि ती मुदत पार्सल हातात पडल्यापासून मोजतात, तुम्ही गिफ्ट दिल्यापासून नाही. नवरात्राच्या सेलमध्ये मागवायचं, पॅक डबा तसाच ठेवून भाऊबीजेला द्यायचा, आणि त्यांनी उघडल्यावर एक बाजू बंद निघाली तर मुदत कधीच संपलेली असते. त्यामुळं आल्या दिवशीच उघडा, तपासा, मग गिफ्टचा कागद लावा. उघडलेला डबा द्यायला कुणाला कसंतरी वाटतं, पण चालू वस्तू देणं जास्त महत्त्वाचं आहे.

वॉरंटी किती, सहा महिने की वर्ष, आणि सर्व्हिस सेंटर साताऱ्यात आहे की पुण्याला पाठवायला लागणार, हे विचारा. वायर तुटली, पाण्यात पडला, हे वॉरंटीत सहसा बसत नाही. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथं बिल लागतं. म्हणून पक्कं बिल घ्या, आणि बिल बहुतेक फिक्या होणाऱ्या कागदावर छापलेलं असतं तेव्हा त्याचा फोटो लगेच काढून ठेवा.

द्यायच्या आधी एवढं करून द्या

डबा हातात देऊन निघून येऊ नका. ब्लूटूथचा असेल तर आधी पूर्ण चार्ज करा, त्यांच्या फोनला स्वतः जोडून द्या, आणि फोनमधल्या यादीत त्या हेडफोनचं नाव बदलून "मामांचा" असं मराठीत ठेवा. इंग्रजी आकड्या-अक्षरांच्या यादीतून शोधायला लागत नाही मग. कॉल आणि मीडिया दोन्ही चालू आहे ना ते बघा, नाहीतर गाणी कानात आणि फोन बाहेर असं होतं. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनला जोडून ट्राय केला असेल तर तिथून काढून टाका, नाहीतर तो भलत्याच फोनला जाऊन चिकटतो.

उजव्या बाजूवर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्या, ते बारीक आर अक्षर कुणाला दिसत नाही. कानाची तीन मापांची रबरं येतात त्यातलं कुठलं बसतंय ते त्यांच्या कानाला लावून बघा. "कानातून पडतो", "आवाज पोकळ येतो" या तक्रारी बहुतेक वेळा चुकीच्या रबरामुळं असतात, आणि दोन कानांना दोन वेगळी मापं लागली तरी काही बिघडत नाही.

चार्जिंगची एक खोच आहे. स्वस्तातले काही नेकबँड आणि डब्या दोन्हीकडं टाइप-सी असलेल्या केबलनं चार्जच होत नाहीत, कारण त्यांच्या आत त्यासाठी लागणारा छोटा भाग टाकलेला नसतो. माणसाला वाटतं बिघडला. जुन्या चौकोनी यूएसबी टोकाच्या केबलनं आणि साध्या चार्जरनं लावला की व्यवस्थित होतो. ती केबल डब्यातच येते बहुतेक, ती हेडफोनसोबतच ठेवायला सांगा, वेगळ्या खणात गेली की गेली.

आणि एका पुठ्ठ्यावर मोठ्या मराठी अक्षरात लिहून द्या, बटण एकदा दाबलं की फोन उचलतो, परत दाबलं की ठेवतो, जास्त वेळ दाबून ठेवलं की बंद-चालू. मॉडेलप्रमाणं फरक असतो, त्यांच्याच हेडफोनवर करून बघून मग लिहा. दोनदा-तीनदा दाबायच्या करामती लिहू नका, तीन गोष्टी पुष्कळ झाल्या. मग समोर बसून त्यांना स्वतःच्या हातानं लावायला, फोन उचलायला आणि चार्जिंगला लावायला सांगा. तुम्ही करून दाखवलं की ते "हो हो कळलं" म्हणतात, स्वतः केलं की खरं कळतं.

जुना बिनवायरचा असेल तर तो घंटागाडीत टाकायचा नाही, आत लिथियमची बॅटरी असते आणि ती दाबली गेली की पेट घेऊ शकते. दुकानदाराला विचारा किंवा नगरपालिकेचं ई-कचऱ्याचं संकलन असेल तेव्हा द्या. वायरचा जुना मात्र त्यांच्याकडंच राहू द्या आठ दिवस, लगेच काढून घेऊ नका. आठवड्यानं फोन करा आणि विचारा कुठला वापरताय, नवा वापरत नसतील तर का नाही ते नीट ऐकून घ्या, बदलून घ्यायची मुदत अजून हातात असेल तर तेव्हाच बदला.